मुलाची रोजची प्रोग्रेस एक्सेलमध्ये भरते, पण तो बोलायचाच बंद झालाय

फोंडा तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय, ओळख पटू नये म्हणून काही तपशील काढून थोडक्यात देते. त्या सरकारी ऑफिसात आहेत, मिस्टर कुंडईला फॅक्टरीत शिफ्टमध्ये. मुलगा अकरावी सायन्सला, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी असे चारही विषय घेतलेले, दहावीला ८१ टक्के. पहिल्या युनिट टेस्टला मॅथ्सला २५ पैकी ७ आणि फिजिक्सला ९. त्यांचा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याची मुलगी तिथे हायस्कूलला आहे आणि शाळेच्या पोर्टलवर होमवर्क दिला की नाही, टेस्टला किती मिळाले, ग्रॅज्युएशनसाठी म्हणजे हायस्कूल पुरं करायला अजून काय काय बाकी आहे, सगळं त्याला फोनवर दिसतं. ते ऐकून ताईंनी स्वतःच एक्सेल शीट केली. रोज रात्री जेवण झालं की मुलाला समोर बसवून कुठल्या विषयाचा किती वेळ अभ्यास, ट्युशनला काय झालं, किती गणितं सुटली ते भरायचं. चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी माटोळीची, गणपतीवर फळं-भाज्या टांगायची चौकट काढायला माळ्यावर चढल्या तर तिथे केमिस्ट्रीचा पेपर दुमडून ठेवलेला सापडला, २५ पैकी ६, सही न घेतलेला. त्या दिवसापासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. त्यांचे प्रश्न तीन. त्याला आत्ताच सायन्समधून काढून कॉमर्सला घालू का, आपल्याकडे अमेरिकेसारखं लक्ष कसं ठेवायचं, आणि मी कुठे कमी पडले.

ताई,

तिसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते कारण पत्र वाचताना तोच मला टोचत होता. तुम्ही कमी पडलेला नाहीत. ऑफिस, घर, मिस्टरांची नाइट शिफ्ट सांभाळून रोज रात्री मुलासमोर बसायचं हे सोपं नाही आणि ते तुम्ही दोन महिने केलंत. फक्त ती मेहनत ज्या ठिकाणी लागायला हवी होती तिथे लागली नाही, आणि ते आपण बदलू शकतो, अकरावीचं वर्ष अजून अर्धं सुद्धा झालेलं नाही.

मी स्वतः बरीच वर्षं हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवलंय, त्यामुळे पहिल्या युनिट टेस्टनंतरचे असे चेहरे दर वर्षी बघितलेत, मुलांचे आणि आईबापांचे सुद्धा. दहावीला ८० च्या वर असलेली मुलं अकरावीत एकदम एक आकडी मार्क घेऊन येतात आणि घरात सगळ्यांना वाटतं मुलगा वाया गेला, मोबाईलच्या नादाला लागला. तसं नसतं हो बहुतेक वेळा. दहावीत सायन्स म्हणून एकत्र जे होतं त्याचे इथे तीन वेगळे विषय होतात, तिन्हीची जाडजूड पुस्तकं, प्रॅक्टिकल, जर्नल, आणि मॅथ्स तर पहिल्या महिन्यातच असं वळण घेतं की दहावीचा पाठांतराचा अभ्यास तिथे कामालाच येत नाही. त्यात अकरावी सुरू होते जूनमध्ये आणि बघता बघता चवथ येते, टेस्ट त्याच्या आधी. म्हणजे मुलाला नवीन पद्धत कळायच्या आत पहिला आकडा घरी आलेला असतो.

आता भावाच्या पोर्टलबद्दल. तिथलं हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी अशी चार वर्षं. न्यू जर्सीत ग्रॅज्युएट व्हायला राज्याने कमीत कमी १२० क्रेडिट, म्हणजे कोर्स पुरा केला की जमा होणारे गुण, ठरवलेत, त्यात इंग्रजीचे २०, मॅथ्स, सायन्स आणि सोशल स्टडीजचे प्रत्येकी १५, दुसऱ्या भाषेचे ५, कलेचे ५, पीटी आणि आरोग्य दर वर्षी, पैशांचा व्यवहार शिकवणारा एक छोटा कोर्स सुद्धा सक्तीचा. वर्षभर रोज चालणाऱ्या एका कोर्सचे साधारण ५ क्रेडिट मिळतात. आणि तुमच्या भाचीच्या नववीपासूनच्या सगळ्या ग्रेड एका कागदावर चढत जातात, तो कागद पुढे कॉलेजला जातो, त्यामुळे तिथे होमवर्कचा ग्रेड सुद्धा शेवटपर्यंत मागे येतो आणि म्हणून आईबाप पोर्टल उघडून बसतात. त्यांच्या पद्धतीला ते पोर्टल बरोबर बसतं.

आपली पद्धत वेगळी आहे ताई. गोव्यात अकरावीची परीक्षा हायर सेकंडरी स्वतः घेते, ती पास झाला की बारावीत जातो, आणि पर्वरीच्या आपल्या बोर्डाचं जे सर्टिफिकेट मिळतं ते बारावीच्या मार्कांचं. पास व्हायला प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. तुमच्या मुलाचे २५ पैकी ७ पुढे कुठल्या कॉलेजच्या ॲडमिशन फॉर्मवर लिहावे लागणार नाहीत. हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणून सांगत नाही, खरोखरच तसं आहे. पण याचा अर्थ अकरावी सोडून द्यायची असाही होत नाही कारण मेडिकलची नीट आणि इंजिनिअरिंगची जेईई या प्रवेश परीक्षांना अकरावी आणि बारावी दोन्हींचा सिलॅबस येतो, आणि अकरावीचं कच्चं राहिलं तर बारावीचं फिजिक्स वर उभंच राहत नाही. म्हणजे बघायचं काय, तर आकड्यापेक्षा त्याला काय कळलंय आणि काय नाही ते. तुमच्या शीटमध्ये तोच कॉलम नाहीय.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात भाऊ काय म्हणाला ते आहे, ट्युशनचे सर काय म्हणाले ते आहे, शेजारच्यांचा मुलगा कुठे पोचला ते आहे. मुलगा काय म्हणतो हे एका ओळीत सुद्धा नाही. चारही विषय घ्यायचं कोणी ठरवलं? तुम्ही लिहिता, 'दोन्ही दारं उघडी राहावीत म्हणून चारही घेतले', म्हणजे डॉक्टर पण आणि इंजिनिअर पण. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच होतं आणि ते काळजीपोटीच होतं, पण दोन्ही दारांसाठी मुलाला दोन्ही ओझी घेऊन चालावं लागतं ते कोणी मोजत नाही.

तर ती दारं नीट बघू. मेडिकलला नीट, त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी, आणि पहिल्या तिघांत मिळून ओपनला ५० टक्के, राखीवला ४०. इंजिनिअरिंगला एआयसीटीईची म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची कमीत कमी अट ठरलेल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के, राखीवला ४०, आणि तिथे फिजिक्स, मॅथ्स धरूनच चालायचं. हे किमान झालं, मेरिट त्याच्या वर. पाच वर्षांच्या लॉला कुठल्याही स्ट्रीमचा बारावी पास चालतो, ओपनला ४५ टक्के, मिरामारला आणि मडगावला दोन्हीकडे लॉ कॉलेज आहे. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंटला पण सायन्सच पाहिजे असं नाही. बीएला सायन्सवाली मुलं जातातच. आणि एक गोष्ट बऱ्याच पालकांना ठाऊक नसते, नोव्हेंबर २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने सांगितलं की बारावीनंतर बायॉलॉजी जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून पास केलं तरी नीटला बसता येतं. म्हणजे समजा आज त्याने बायॉलॉजी सोडलं तर मेडिकलचं दार कायमचं बंद होत नाही. पुढे मेहनत जास्त पडेल, हे आहेच.

त्यामुळे कॉमर्सच्या आधी हा प्रश्न विचारा की चारपैकी एक जड विषय कमी करता येईल का. त्याच्या हायर सेकंडरीत फिजिक्स, केमिस्ट्रीबरोबर दुसरी कुठली कॉम्बिनेशन आहेत, कॉम्प्युटर सायन्स आहे का, इलेक्ट्रॉनिक्स आहे का, आणि बदल कितव्या तारखेपर्यंत करून देतात. हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये जागा आहे की नाही यावर अडतं, म्हणून फोन करत बसू नका, अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि मुलाला बरोबर घेऊन प्रिन्सिपलना भेटा. त्याला बाहेर बाकावर बसवू नका. विषय त्याचे आहेत, प्रश्न त्यानेच विचारले तर उत्तम.

कॉमर्सचं म्हणाल तर आत्ता, वर्षाच्या मध्ये, मला ते बरोबर वाटत नाही. अकाउंट्स हा विषय अकरावीत शून्यापासून सुरू होतो, दहावीला कोणीच केलेला नसतो, आणि त्याचे पहिले दोन-तीन महिने म्हणजे पाया. तो सगळा बुडवून मुलगा वर्गात जाऊन बसला की इथे मॅथ्समध्ये जे झालं तेच तिथे होणार, वर 'सायन्स झेपलं नाही म्हणून आला' हे ऐकायचं. त्याला स्वतःला जर खरंच धंदा, बँक, सीए असलं काही आवडत असेल तर पुढच्या जूनला नव्याने अकरावी कॉमर्सला बसवा, वर्ष गेलं तर गेलं, सतराव्या वर्षी एका वर्षाने काही बिघडत नाही. पण केवळ पळून जायला म्हणून नको.

आणि त्याचे हात चालत असतील, म्हणजे घरातला मिक्सर बिघडला की उघडून बसतो, सायकल स्वतः दुरुस्त करतो अशातला असेल तर पॉलिटेक्निकचा विचार करा. पणजीला आल्तिनोवर, मयेला आणि कुडचड्याला सरकारी पॉलिटेक्निक आहे, दहावीवर तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तुमच्या फर्मागुढीचं इंजिनिअरिंग कॉलेज तर घराजवळ. आपल्याकडे अजून 'डिप्लोमा म्हणजे कमी मार्कवाल्यांचा' असं बोलतात, मला ते अजिबात पटत नाही. पहिल्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये उभी राहिलेली मुलं पुढे डिग्रीला किती सहज काम करतात ते मी बघितलंय.

आता लक्ष ठेवण्याबद्दल. माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो, तो पण असाच फोंड्याकडचाच, प्राथमिक मराठीतून आणि पाचवीपासून इंग्रजी, म्हणजे आपल्या गोव्यातली अर्धी मुलं जशी शिकतात तशीच. फिजिक्समध्ये नापास. त्याचा पेपर घेऊन मी त्याला बाजूला बसवलं. एक गणित होतं, स्मूथ पृष्ठभागावर ठोकळा, हलक्या दोरीने ओढलेला. त्याने ठोकळ्याची आकृती बरोबर काढलेली, बाण बरोबर, आणि मग मध्येच घर्षणाचा बाण घालून सगळं अडकवून ठेवलेलं. मी म्हटलं अरे स्मूथ लिहिलंय ना. तो म्हणाला हो टीचर, स्मूथ म्हणजे गुळगुळीत, पण थोडं घर्षण असणारच ना. त्याचं काही चुकत नव्हतं, खऱ्या जगात असतंच. पण फिजिक्सच्या पेपरात स्मूथ म्हटलं की घर्षण शून्य धरायचं आणि लाइट स्ट्रिंग म्हटलं की दोरीला वजनच नाही असं धरायचं, ही पेपराची भाषा त्याला कोणी उघडून सांगितलीच नव्हती, मी पण नाही. त्याचे आठ मार्क तिथे गेले होते. त्याच्या आईकडे असलेल्या प्रोग्रेस कार्डावर फक्त नापास दिसत होतं.

म्हणून ताई ती शीट आजपासून बंद करा आणि बंद केली असं त्याला सांगा सुद्धा, गुपचूप नको. त्याच्याऐवजी तिन्ही पेपर टेबलावर घ्या, माळ्यावरचा पण. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे तीन रकाने आखा. एकात 'येतच नव्हतं', दुसऱ्यात 'येत होतं पण प्रश्न कळला नाही किंवा घाई झाली', तिसऱ्यात 'वेळच उरला नाही'. पेन त्याच्या हातात द्या, गेलेला प्रत्येक मार्क कुठल्या रकान्यात जातो ते त्यालाच ठरवू दे, तुम्ही फक्त बाजूला बसा, चहा करून आणा हवा तर. पहिला रकाना भरला तर धडा परत शिकायला हवा आणि त्यासाठी शिक्षक. दुसरा भरला तर भाषा आणि वाचायची सवय, त्याला आणखी एक ट्युशन लावून काही उपयोग नाही. तिसरा भरला तर घड्याळ लावून जुने पेपर सोडवायचे. तीन मुलांना मार्क सारखे पडलेले असतात आणि तिघांचं दुखणं वेगळं असतं.

मग हे घेऊन ओपन डेला जा. तिथे आईबाप दोन मिनिटं उभे राहून विचारतात 'कसा आहे हो आमचा', शिक्षक म्हणतात 'अजून मेहनत पाहिजे', संपलं. तुम्ही विचारा, कुठल्या धड्यापासून सुटलाय, जर्नल पुरं आहे का, प्रॅक्टिकलला हात लावतो की मागे उभा राहतो, हजेरी किती. जर्नल आणि हजेरीकडे खरंच बघा कारण वर्षाच्या शेवटी मुलं नेमकी यातच अडकतात आणि घरी तेव्हाच कळतं.

घरी रविवारी वीस मिनिटं पुरे. एक गोष्ट जी या आठवड्यात जमली आणि एक जी अडली, दोन्ही त्याने सांगायच्या. तुम्ही फक्त एकच विचारायचं, याला कोणाची मदत पाहिजे. पहिले दोन-तीन रविवार तो 'काय नाय' म्हणून उठेल. उठू दे. त्या दिवशी मिस्टरांना सुट्टी असेल तर त्यांनीही बसावं, पण 'आमच्या वेळी' सुरू करू नये.

ट्युशनचं तुम्ही लिहिलंय ते वाचून मला त्या पोराची दया आली. सकाळी हायर सेकंडरी, दुपारनंतर तीन ट्युशन, शेवटच्या बसने रात्री आठला घरी, मग जेवण, मग शीट. तो स्वतः एकट्याने पुस्तक उघडून बसतो कधी? अकरावीचं मॅथ्स ऐकून येत नाही, अडून बसल्याशिवाय ते येतच नाही. तीनातली एक तरी कमी करा, रकाने बघून ठरवा कुठली.

आणि तो लपवलेला पेपर. तुम्ही लिहिता 'माझ्याशी खोटं बोलला' आणि ते लागणारच, मी नाही म्हणत नाही. पण बघा, त्याने तो फाडला नाही, गटारात टाकला नाही, घरातच ठेवला, आणि तुम्ही चवथीला चौकट काढायला तिथेच चढणार हे त्याला लहानपणापासून माहीत. मी फार अर्थ काढत नाही यातून. फक्त सहा हा आकडा त्याला त्या रात्री शीटमध्ये भरताना बघवला नसता एवढं मला नक्की वाटतं. त्याच्याशी बोलताना 'पेपर सापडला तेव्हा मी ओरडले ते चुकलं' एवढं म्हणा. मग गप्प राहा. तो लगेच काही बोलणार नाही कदाचित.

एक मात्र नीट लक्ष द्या. झोप उडाली, जेवण सुटलं, मित्रांकडे जायचा बंद झाला, 'मी नसतो तर बरं' असलं काही तोंडातून आलं, तर मार्क, विषय, स्ट्रीम सगळं बाजूला ठेवायचं. आपल्याकडे बऱ्याच शाळांत आणि हायर सेकंडरीत कौन्सेलर येतात, त्यांना भेटा, आणि मनाच्या त्रासात फोनवर मदत करणाऱ्या टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, तुम्ही स्वतःसाठी पण करू शकता.

अशीच पत्रं आणखी दोघा-तिघांची आहेत, त्यांच्यासाठी इथेच लिहून टाकते. मुलगा बारावीला एखाद्या विषयात राहिला असेल तर बोर्डाची सप्लिमेंटरी असते, निकाल लागला की फॉर्मची तारीख त्याच दिवशी शाळेत जाऊन बघा, घरात रडारड होते आणि तारीख निघून जाते. ज्यांचं रेग्युलर शाळेत जमतच नाही, आजारपण, खेळ, घरची परिस्थिती काहीही असो, त्यांना एनआयओएस म्हणजे ओपन स्कूल आहे. तिथे पाच विषय पास व्हायचे, एक तरी भाषा पाहिजे, आणि पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, दोन विषय या वर्षी, दोन पुढच्या वर्षी असंही चालतं. आधीच्या बोर्डात पास झालेल्या दोन विषयांपर्यंत मार्क तिथे धरून पण घेतात. ते सर्टिफिकेट पुढे चालतं, फॉर्म भरायच्या आधी तुम्हाला हव्या त्या कोर्सची विषयांची अट तेवढी बघून घ्या.

भावाचा फोन येईल तेव्हा त्याला भाचीचे मार्क नका विचारू काही दिवस. मुलाला म्हणावं तू बोल मामाशी, तिथे शाळेत कला आणि पीटी पण सक्तीची असते म्हणे, खरं काय ते विचार. बोलू दे दोघांना, तुम्ही आत स्वयंपाकघरात जा. आणि दिवाळीच्या सुट्टीत तीन रकान्यांतला कुठला जास्त भरला ते मला जरूर कळवा, त्यावरून फिजिक्सचं कुठून सुरू करायचं ते मी धडा धरून लिहून देईन.